‘ळ’ म्हणायला शिकलेल्या काकांना

सा. न. वि. वि.

काका, तुमच्या कोटावरच्या पट्टीवर नाव होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला आमच्याकडे नावाने हाक मारत नाहीत, म्हणून काकाच म्हणते. हे पत्र मराठीत आहे ते बाबांच्या हट्टामुळे. “ज्याने आपलं अक्षर शिकून घेतलं, त्याला आपल्या भाषेतलं पत्र जायला हवं,” असं त्यांचं म्हणणं. इंग्रजी पत्र वेगळं टाकलंय, ते तुम्हाला तुमच्या पहिल्या महायुद्धाच्या म्युझियमच्या पत्त्यावर मिळेल. हे मात्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण यातलं काही आमच्या माणसांनीही ऐकायला हवं.

गेल्या महिन्यात आईबाबा माझ्याकडे कॅन्सस सिटीला आले. लोक अमेरिकेत आले की न्यूयॉर्क, नायगारा बघतात. मला आमचं हे मधल्या आकाराचं शहरच दाखवायचं होतं, कारण इथे म्हाताऱ्या माणसांना झेपेल असं खूप काही आहे. ट्रामला तिकीट नाही, नेल्सन-ॲटकिन्स कलासंग्रहालयालाही तिकीट नाही. त्याच्या हिरवळीवर १९९४ पासून चार अजस्र शटलकॉक पडलेली आहेत, एकेक जवळजवळ १८ फुटांचं. जणू ती अख्खी इमारत जाळं आहे आणि दोन्ही बाजूंना फुलं पडलीयत. बाबांनी त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि नातवाला सांगितलं, “या खेळाचे पहिले नियम आपल्या पुण्यात लिहिले गेले, १८७३ साली. खेळाचं नावच ‘पूना’ होतं.” दुसऱ्या दिवशी अरेबिया जहाजाचं संग्रहालय पाहिलं. १८५६ साली मिझुरी नदीत बुडालेली ही आगबोट १९८७ मध्ये सापडली ती एका शेतात, जमिनीखाली ४५ फुटांवर, कारण मधल्या काळात नदीनेच पात्र बदललं होतं. तिच्यातल्या लोणच्याच्या बरण्या बघून आई कितीतरी वेळ हलेना.

तिसरा दिवस वाईट गेला. त्या जागेचं नाव घेत नाही. दारात बॅगा तपासत होते. बाबांच्या पिशवीत मऊ पंच्यात गुंडाळलेली चकती होती. तिथल्या माणसाने पंचा सोडला, चकती प्लास्टिकच्या तबकात आपटली, उलटी केली, पुन्हा आपटली. हे काय आहे ते त्याने विचारलं, पण उत्तराला थांबला नाही. “गाडीत ठेवून या.” मी समजावायला लागले तर मागच्या रांगेकडे हात करून त्याने पुढच्या माणसाला बोलावलं. बाबा काही बोलले नाहीत. पंचा पुन्हा गुंडाळायला त्यांना दोन मिनिटं लागली, कारण हात थरथरत होते. आम्ही आत न जाता घरी परतलो. रात्री ते आईला म्हणाले, “उद्या तुम्ही जा, मी घरी बसतो.”

ही चकती म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नकोच. तुम्ही ती बघताक्षणी ओळखलीत. पण इतरांसाठी लिहिते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढताना जो गेला, त्याच्या घरी अशी कांस्याची चकती पाठवली जायची. व्यास साधारण १२ सेंटीमीटर. एका बाजूला ब्रिटानिया आणि सिंह, आणि चौकटीत मेलेल्या माणसाचं नाव, हुद्दा न लिहिता. आमच्याकडची चकती बाबांच्या आजोबांची. ते साताऱ्याकडचे. आमच्या भागात पलटणीत जाणं नवं नव्हतं, शेजारच्या अपशिंग्यातले ४६ जण त्या लढाईत गेले. बाबांचे हे आजोबा मराठा पलटणीतून सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेले. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १४७ दिवस अडकले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं. त्या वाटेवर कुठेतरी ते गेले. माझे आजोबा तेव्हा दोन वर्षांचे होते.

घरात चकती देवघरात असायची. दर खंडेनवमीला चिंच लावून घासायची आणि विळा-कोयत्यांबरोबर पूजेला मांडायची. शंभर वर्षं घासून घासून सिंहाची आयाळ गुळगुळीत झालीय, पण नाव अजून बोटाला लागतं.

आता त्या नावाबद्दल. कुतला आणि त्या मुलखात ज्यांची कबर सापडली नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभारलं, १९२९ साली. चाळीस हजारांहून जास्त माणसांचं. पण साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरली नाहीत. पलटणीचं नाव, त्याखाली अधिकाऱ्यांची नावं, आणि मग ‘आणखी इतके शिपाई’ असा आकडा. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली. म्हणजे चकतीवर नाव आहे, दगडावर आकडा. बाबांना हे कळलं तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. त्याआधी निवृत्तीनंतरची कितीतरी वर्षं त्यांनी इकडेतिकडे अर्ज केले होते. एका कार्यालयात साहेबांनी चकती हातात तोलून “किलोभर तरी असेल का हो, भंगारात बरी किंमत येईल” असं म्हटलं होतं आणि टेबलावरचे सगळे हसले होते. परक्याच्या देशात तबकात आपटली गेली याचं दुःख आहेच, पण आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत हे ऐकलं, त्याची जखम बाबांना जास्त खोल होती. इतक्या वर्षांत, या सगळ्या दारांत, एकाही माणसाने विचारलं नाही की यांचं नाव काय हो?

चौथ्या दिवशी मी बाबांना जबरदस्तीने तुमच्याकडे, लिबर्टी मेमोरियल या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाला आणलं. समोरचं युनियन स्टेशन १९१४ चं, म्हणजे लढाई पेटली त्याच वर्षीचं, हे सांगून त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला. १९१९ मध्ये या गावच्या लोकांनी दहा दिवसांत पंचवीस लाख डॉलर गोळा करून हे स्मारक उभं केलं, तेही सांगितलं. ते नुसतं हं हं करत होते. पिशवी छातीशी धरलेली.

आत शिरल्यावर काचेचा पूल लागतो आणि पुलाखाली लाल पॉपीची शेती. ९,००० फुलं, प्रत्येक फूल हजार सैनिकांचं. बाबा गणिताचे शिक्षक, तिथेच थांबले. “आपले ७४ हजार गेले. म्हणजे चौऱ्याहत्तर फुलं.” हे ते मराठीत, स्वतःशीच म्हणाले. तुम्ही पुलाच्या टोकाशी उभे होतात. तुम्हाला शब्द कळले नसणार, पण तुम्ही जवळ येऊन विचारलंत, “सर, तुमचं कुणी होतं का या लढाईत?”

काका, त्या एका प्रश्नाने बाबांच्या खांद्यांचा ताण गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

त्यांनी पंचा सोडला. तुम्ही लगेच हात पुढे केला नाहीत. आधी खिशातून रुमाल काढून दोन्ही तळवे पुसलेत, आणि मग दोन्ही हातांची ओंजळ पुढे केलीत. आमच्याकडे प्रसाद असा घेतात, हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. चकती घेऊन तुम्ही नावावरून अंगठा फिरवलात आणि ते वाचलंत, जसं इंग्रजीत लिहिलंय तसं. बाबा संकोचून म्हणाले, बरोबर आहे, चालेल.

तुम्ही म्हणालात, चालणार नाही, घरी कसं म्हणतात ते सांगा.

त्या नावात ‘ळ’ आहे. इंग्रजांनी ‘एल’ लिहून मोकळं केलं होतं, त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. तुम्ही ‘ल’ म्हणालात. बाबांनी मान हलवली. तुम्ही ‘र’सारखं काहीतरी केलंत, मग ‘ड’सारखं. मागे शाळेची सहल आली होती, पोरं बघत होती. बाबांनी, माझ्या एकोणऐंशी वर्षांच्या बाबांनी, तोंड उघडून जीभ टाळूला उलटी लावून दाखवली, पहिलीच्या वर्गात दाखवतात तशी. तुम्हीही तोंड उघडलंत. पाचव्यांदा की सहाव्यांदा तो आला. अगदी स्वच्छ आला. मग तुम्ही पूर्ण नाव घेतलंत, कठड्याला हात टेकवून, खाली फुलांकडे बघत, एकदाच. कुणाला ऐकवायला नाही.

एवढंच. पण बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत मनगट दुखत होतं.

नंतर तुम्ही त्यांना तुमची स्वतःची खुर्ची दिलीत, आणि मनोऱ्याजवळचे ते दोन स्फिंक्स आवर्जून बघायला सांगितलंत. पंखांनी तोंड झाकलेले. एक ‘स्मृती’, ती पूर्वेला युरोपातल्या रणांगणांकडे तोंड करून बसलेली, आणि दुसरा ‘भविष्य’, पश्चिमेकडे. बाबा स्मृतीशेजारी बराच वेळ उभे राहिले. “पूर्वेला अजून पुढं गेलं की कुतही लागतं,” म्हणाले. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यांनी माझ्या मुलाला पणजोबांचे वडील कोण, कुठे गेले, वेढा कसा पडला, सगळं सांगितलं. मला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. भंगार म्हणणाऱ्या साहेबांवर राग काढताना हेही लिहायला हवं, की विचारायचं राहून गेलेल्यांत मीही आहे.

मी पुष्कळ विचार केला की तुम्ही असे का वागलात. तुम्हाला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या एसटीचे एक कंडक्टर होते. लांबून म्हातारी येताना दिसली की ते घंटी मारत नसत. गाडीतले ओरडायचे, ते खिडकीतून बघत राहायचे. माणसं अशी असतात, कुठल्याही गावात असतात, आणि त्यांना त्यात काही विशेष केल्यासारखंही वाटत नाही. म्हणूनच त्यांना कुणीतरी लिहून कळवायला हवं. तुम्ही त्या दिवशी कदाचित आणखी दहा जणांशी बोलला असाल. आमच्या घरात मात्र एकशे दहा वर्षांनी पहिल्यांदा एका परक्या माणसाने त्यांना नावाने हाक मारली.

बाबा आता गावी पोचलेत. चकती पुन्हा देवघरात आहे. निघताना तुम्ही म्हणाला होतात की घरी गेल्यावर मी ते नाव पुन्हा चुकीचं म्हणेन, ते अक्षर जिभेवर राहणार नाही. म्हणून इंग्रजी पत्रासोबत बाबांच्या आवाजातलं नाव पाठवलंय. तीनदा म्हटलंय त्यांनी. दोनदा नेहमीसारखं, आणि तिसऱ्यांदा तुमच्यासाठी, हळू.

आपली,
साताऱ्याच्या मास्तरांची मुलगी