अकरावीच्या वेळापत्रकात सगळ्या शाखांना एकत्र दोन तास द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात अकरावी-बारावीला इतिहास शिकवतो. म्हणजे फक्त आर्ट्सला. सायन्सची मुलं माझ्या वर्गाकडे फिरकतात ती पाऊस आला तर आडोशाला.

त्यातलाच एक. पूर्व भागातला, घरात यंत्रमाग, घरची भाषा तेलुगू. एकदा मागावर नक्षी विणणाऱ्या जकार्ड यंत्राचं जुनं पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन आला. भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. अशी ढीगभर कार्डं ओळीने ओवली की चादरीवर मोर उतरतो. "सर, हे कॉम्प्युटरचं शून्य-एकच झालं की!" मी म्हटलं, बरोबर. फ्रान्समधल्या जकार्डने १८०४ च्या सुमारास हे बसवलं, इंग्रज गणिती बॅबेजने गणनयंत्रासाठी तीच कल्पना घेतली. तिथले विणकर मात्र पोटावर पाय येणार म्हणून खवळले होते. त्यावरून गाडी आपल्या गिरणी कामगारांवर आली, इंग्रजांनी १९३० मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी कायद्यावर आली. चार हुतात्मा चौकातून हा पोरगा रोज सायकलने जातो. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, हे त्याला त्या दिवशी कळलं.

त्याने इतिहास विषय मागितला. ऑफिसातून उत्तर आलं, "सायन्सला इतिहास? मार्क कमी पडलेत का?"

२०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगतं, कला आणि विज्ञान यांत भिंत नको. आमच्याकडची भिंत वेळापत्रकात आहे, साहेब. इतिहासाच्या तासालाच फिजिक्सचं प्रॅक्टिकल, आणि उरलेला जीव सीईटीच्या बॅचला.

कला-विज्ञान एकत्र शिकवणारं लिबरल आर्ट्स म्हटलं की पुण्या-मुंबईची महागडी विद्यापीठं डोळ्यांपुढे येतात. मला तेवढं नको. अकरावीला बोर्डाची परीक्षा नसते. तिथे आठवड्याला दोन तास सगळ्या शाखांना एकत्र बसवा. गणित, इतिहास, भाषेचे शिक्षक मिळून गावातलाच एखादा विषय घेऊ दे. आर्ट्सच्या मुलांनीही ती भोकं मोजावीत. त्यांना गणितातून सुटका झाल्यासारखं वागवणं हाही अन्यायच. आणि हे तास शिक्षकांच्या कार्यभारात धरा. 'स्वेच्छेने' असं परिपत्रकात आलं की ते कोणीच घेत नाही, मीसुद्धा.

पोरगा आता बारावीत आहे. प्रॅक्टिकल रद्द झालं की मागच्या बाकावर येऊन बसतो. कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. त्याच्या वडिलांनी परत मागितलंय, त्या डिझाइनची ऑर्डर आली आहे म्हणे.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक, सोलापूर