दोम्येने घडवलेली माणसं

पॅरिस

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा ओर्से संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोम्ये याचे मातीचे पुतळे पाहिले आणि तुम्हाला लिहिल्यावाचून राहवेना. वीतभर उंचीची छत्तीस डोकी, कच्च्या मातीची, वरून रंगवलेली. शार्ल फिलिपाँ या संपादकाच्या सांगण्यावरून त्याने राजा लुई-फिलिपच्या काळातली बडी मंडळी अशी घडवली. दार्गू नावाच्या मंत्र्याचं नाक कितीही लांबवलं असलं तरी त्यामागची कवटी खरी वाटते. तुम्ही वर्गात सांगायचात ना, आधी हाड बघा, मग कातडी, तेच! तोंड वाकडं काढणं कुणालाही जमेल. त्या वाकड्या तोंडातून माणसाचा स्वभाव दिसणं फार अवघड.

आपली व्यंगचित्रं तो छापायचा चुनखडीच्या दगडावरून. तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. आपल्या देवघरातली रविवर्मा छापखान्याची लक्ष्मीही अशाच दगडांवरून उतरलेली.

या रेघांची सरकारला केवढी धास्ती! राजाच्या व्यंगचित्रावरून झालेल्या खटल्यात फिलिपाँने 1831 मध्ये भर कोर्टात राजाच्या चेहऱ्याची चार पायऱ्यांत नासपती करून दाखवली आणि विचारलं, साम्य दिसतं म्हणून नासपती काढणंही गुन्हा का? शिक्षा झालीच, पण पुढे ती नासपती म्हणजेच राजा असं साऱ्या पॅरिसला कळायला लागलं. त्याच वर्षी दोम्येने राजा अवाढव्य राक्षस करून बसवला. गरिबांकडून गोळा केलेल्या पैशांच्या टोपल्या लोक फळीवरून त्याच्या तोंडापर्यंत नेताहेत. त्या एका चित्रापायी 500 फ्रँक दंड आणि सहा महिने कैद.

पण बाबा, मला सगळ्यात हलवून गेलं ते त्याचं ‘र्‍यू त्रान्सनोनँ’ हे चित्र; नाव पॅरिसमधल्या एका रस्त्याचं. 1834 च्या एप्रिलमध्ये सैनिकांनी तिथल्या एका घरात घुसून माणसं मारली. चित्रात पलंगाशी कोसळलेला, रात्रीच्या सदऱ्यातला माणूस, आणि त्याच्या अंगाखाली दबलेलं मूल. इथे कुणाचंही नाक लांब केलेलं नाही. एरवी चेहरे ताणणाऱ्या या हाताने इथे काहीच ताणलं नाही, म्हणून मी त्याला फार मोठा मानते.

1835 मध्ये कायदा आला: छापण्याआधी चित्राला सरकारी मंजुरी हवी, मजकुराला नको. मग दोम्ये वकील, घरमालक, डॉक्टरांकडे वळला. त्यातले वकील तुम्हाला नक्की आवडतील. चांगली छापील प्रत मिळाली की पाठवते.

आईला नमस्कार. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमची,
मेधा