शाळेच्या वेळेत बाईंना वर्गातच राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हल्ली माइंडफुलनेसवर सगळीकडे वाचायला मिळतं, एका वेळी एकच काम करा, मन तिथेच ठेवा, आणि मला ते मनापासून पटतं. पण हे एकट्याच्या निश्चयावर होत नाही, आजूबाजूच्यांनी होऊ द्यावं लागतं. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी शिकवते.

आमच्याकडे शासनाच्या 'मित्र' उपक्रमातून आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचं ध्यान, आलंय. परिपाठ झाला की मुलं 10 मिनिटं डोळे मिटून बसतात, श्वास येतोय-जातोय एवढंच बघायचं, मन पळालं की परत आणायचं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होतात, तिथे 10 दिवसांतले सुरुवातीचे दिवस हेच असतं आणि मोबाइल आधीच जमा करून घेतात. एवढीशी पोरं किती छान बसतात बघा! आणि नेमका तेव्हाच बाईंच्या फोनवर शिक्षकांच्या ग्रुपमध्ये वरिष्ठ कार्यालयाचा मेसेज, अर्जंट, आत्ताच माहिती भरा, फोटोसह.

दुसरीतलं 52 वजा 27 घ्या. बऱ्याच मुलांचं उत्तर 35 येतं. नुसतं उत्तर बघितलं तर फुली मारून पुढे जाता येतं, पण शेजारी बसून त्याची पेन्सिल कुठे थांबते ते बघितलं की कळतं, दोनातून सात जात नाहीत म्हणून पोराने सातातूनच दोन काढलेत, म्हणजे दशक सुटा करायचा हेच त्याला उमगलेलं नाहीये, मग दहा काड्यांचा गठ्ठा त्याच्याच हाताने सोडायला लावायचा. यासाठी थोडा वेळ सलग फक्त त्याच्याकडे बघावं लागतं. मध्येच लिंक उघडून पटसंख्या भरली तर परत येईपर्यंत त्याने खोडून शेजारच्याचं उतरवलेलं असतं.

कुणी म्हणेल दोन वर्ग एकदम सांभाळता तेव्हा कुठे एक काम असतं? अहो पण पहिलीला गिरवायला देऊन दुसरीकडे वळले तरी माझं मन त्याच खोलीत असतं, पोरांतच असतं. फोन मला खोलीबाहेर नेतो.

सोफी लरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये मांडलंय की काम बदललं तरी आधीच्या कामात लक्षाचा काही भाग अडकून राहतो. सिडनीच्या दोन हॉस्पिटलांत नर्स औषधं देत असताना निरीक्षण केलं, तो अभ्यास 2010 मध्ये आला, त्यात दर व्यत्ययामागे औषधांच्या चुका साधारण 12 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. नर्सची चूक निदान सापडते तरी. दुसरीत न समजलेली वजाबाकी पाचवीत भागाकार अडला की वर येते, तोवर मूल स्वतःला ढ समजायला लागलेलं असतं, आणि हे मला फार लागतं.

माहिती मागूच नका असं मी म्हणत नाहीये, ती लागतेच. पण शाळा सुटल्यावर मागा, एक दिवस आधी सांगा, आणि एकदा दिलेली परत वेगळ्या फॉर्ममध्ये मागू नका. पाऊसपाणी, कुणाचं आजारपण असं खरंच तातडीचं असेल तर सरळ कॉल करा. बाकी तासाला फोन कपाटात ठेवायची लेखी मुभा द्या, म्हणजे उशिरा माहिती दिली म्हणून कुणाला खुलासा लिहावा लागणार नाही.

आपली,
एक जि. प. शिक्षिका