छाटणीनंतरचे साठ दिवस

विश्रामबाग, सांगली
२ एप्रिल

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

पेरूच्या जंगलातल्या पुकाल्पाहून लिमाला पोचलास आणि आयावास्काच्या, म्हणजे त्या भास दाखवणाऱ्या वेलीच्या काढ्याच्या, चारही रात्री नीट पार पडल्या, एवढं तुझ्या निरोपावरून कळलं. काय दिसलं ते मी विचारणार नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. हे पत्र त्यापुढच्या कामाचं आहे. तिकडे ज्याला ‘इंटिग्रेशन’ म्हणतात, त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे: पचनी पडणं. पचायला वेळ लागतो, आणि पचत असताना वरून आणखी खायचं नसतं.

तासगावला मामाच्या द्राक्षबागेत आता खरड छाटणी, म्हणजे एप्रिलची छाटणी, सुरू आहे. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा ठेवून सगळ्या काड्या उतरवतात. बाग इतकी ओकीबोकी दिसते की नवख्याला वाटावं, संपलं सगळं. पण पुढच्या वर्षी घड किती लागणार हे याच दिवसांत ठरतं. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. दिसतं ते ऑक्टोबर छाटणीनंतर. त्या दिवसांत मामा पाणी ओढून धरतो, नत्र कमी करतो, फुटव्यांची विरळणी करून प्रत्येक काडीला ऊन लागेल असं बघतो. लाडाने खत-पाणी वाढवलं की नुसता पाला माजतो आणि घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणाव्याचा धागा, निघते. तू प्यायलास तीही वेलच, म्हणून हे आठवलं. तुझी छाटणी झाली आहे. घड अजून लागलेला नाही, आणि तो लागलाय असं समजून गावभर पेढे वाटायचे नाहीत.

म्हणून पहिले साठ दिवस नोकरी सोडायची नाही, लग्न ठरवायचं नाही, मोडायचं नाही, जमीन-पैशाचा व्यवहार नाही, अंगावर गोंदवणं नाही. मनात आलंच तर तारीख टाकून वहीत लिही आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वाच. तेव्हाही तेवढंच खरं वाटलं तर आपण बसून बोलू. पॉडकास्ट, ग्रुप, दुसऱ्यांच्या अनुभवांचे व्हिडिओ आणि ‘पुढची सेरेमनी कधी’ हा विचार, हे तुझं नत्र. तेही साठ दिवस बंद. इकारो, म्हणजे त्या रात्री म्हणतात ती गाणी, रेकॉर्ड करून आणली असशील तर आठवड्यातून एकदा, बसून, वीस मिनिटं ऐक. रोज रात्री कानात घालून झोपू नकोस. गाणं त्या रात्रीला बांधलेलं असतं, आणि ऐकताना मन परत तिकडेच धावतं. तुला आता इकडे यायचं आहे.

पहिली काळजी मात्र झोपेची. पेरू आपल्या साडेदहा तास मागे आहे. म्हणजे तुझं शरीर सांगलीत उतरेल तेव्हा दिवस-रात्र जवळजवळ उलटी झालेली असेल, त्यात मन उघडं. अशा वेळी झोप मोडली तर माणूस वाहवत जातो. रात्री कितीही वाजता झोपलास तरी सकाळी साडेसहाला ऊठ आणि अर्धा तास उन्हात चाल. गणपती मंदिराकडून आयर्विन पुलावर जा नाहीतर हरिपूरच्या संगमाकडे, पण कानात काही न घालता. दुपारी वीस मिनिटांपेक्षा जास्त पडायचं नाही, दोननंतर चहा नाही.

खाण्याचं सोपं आहे. तिथे मीठ, साखर, तिखट बंद होतं, तेव्हा पोट लहान मुलाचं झालेलं असणार. तीन दिवस मऊ भात, मुगाचं वरण, ताक. मग भाकरी-भाजी. तुझे बाबा स्टेशनवरच भडंगाची पिशवी पुढे करतील, ती घेऊन बाजूला ठेव. दारू आणि गांजा साठ दिवस नाही. गांजाने ती रात्र अर्धीमुर्धी परत येते आणि तीही बहुधा घाबरवणारी.

गोळ्यांचं नीट समजून घे. काढ्यात वेलीसोबत चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं असतात. त्या पानातलं डीएमटी, म्हणजे भास दाखवणारं द्रव्य, नुसतं प्यायलं तर पोटातलं एक विकर (एन्झाइम) ते मोडून टाकतं. वेलीतलं हार्मीन त्या विकराला थोपवतं, म्हणून काढा चढतो. तेच विकर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायनही मोडतं. त्यामुळे नैराश्याच्या गोळ्यांसोबत हा काढा धोक्याचा, आणि म्हणून तुझी गोळी जाण्याआधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत थांबवली होती. आता मन हलकं वाटतंय म्हणून ‘गोळीची गरज संपली’ असं तू ठरवायचं नाहीस, आणि भीती वाटली म्हणून उरलेल्या पाकिटातली स्वतः सुरू करायची नाहीस. आल्या आठवड्यात त्यांना भेट. प्रवासात सर्दी-खोकला झालाच तर डेक्स्ट्रोमिथॉर्फन असलेलं कफ सिरप किंवा ट्रामाडॉल विचारल्याशिवाय घेऊ नकोस, दोन्ही सेरोटोनिनवरही काम करतात.

आता वही. शंभर पानी, आडव्या रेघांची, कोणतीही. डाव्या पानावर फक्त दिसलं ते आणि अंगात झालं ते: ‘आजी विहिरीपाशी बसली होती. छातीत दाटून आलं.’ उजव्या पानावर तू लावलेला अर्थ: ‘आजी माझ्यावर रागावली आहे.’ ही दोन पानं कधी मिसळू द्यायची नाहीत, कारण डावं पान बदलत नाही आणि उजवं दर पंधरा दिवसांनी बदलतं. बहुतेकांची गडबड इथेच होते. पहिला अर्थ ते दगडावरची रेघ समजतात. त्यातही लहानपणीचा एखादा प्रसंग, कुणी काही केल्याचं असं दिसलं असेल, तर ते घडलंच असं धरू नकोस आणि घडलंच नाही असंही नाही. त्या अवस्थेत मन खरी आठवण आणि चित्र यांत फरक करत नाही. कुणावर बोट ठेवण्याआधी समुपदेशकाशी बोल. घरातल्या माणसांशी नंतर.

पहिल्या आठवड्यात रोज लिही, पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. दुसऱ्यापासून आठवड्यातून दोनदा पुरे.

वहीतून एक गोष्ट निवड. एकच. ‘मी माणसांवर प्रेम करीन’ ही गोष्ट नव्हे, ते भाषण झालं. गोष्टीला वेळ आणि जागा लागते. ‘रात्री आठ ते साडेआठ जेवताना फोन आतल्या खोलीत, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही’, ही गोष्ट. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेला पेन्सिलने टिंब कर. एक दिवस चुकला तर सोडून दे. सलग दोन चुकले तर गोष्ट मोठी झाली असं समज आणि निम्मी कर: अर्ध्या तासाचा पाव तास. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळं फिकं वाटायला लागेल. आल्यावर काही दिवस जो उजेड असतो तो विझतो, चिडचिड जुन्या जागी परत येते. ‘शिकवण हरवली’ असं वाटून लोक इथेच दुसरं तिकीट काढतात. हरवलेली नसते. उत्सव संपलेला असतो आणि टिंबांचं खरं काम तिथून सुरू होतं.

काकांची माफी मागायची आहे, असं तू लिहिलं आहेस. माग, पण तिसरा आठवडा उलटल्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, घरी जाऊन. तीन वाक्यं पुरेत: मी काय केलं, त्याने तुम्हाला काय सोसावं लागलं, पुढे मी काय करणार. त्यात ‘पण’ नको, जंगल नको, वेल नको. त्यांनी तुला जवळ घ्यावं ही अपेक्षा तर मुळीच नको. ते ‘बरं’ म्हणून टीव्ही बघत बसले तरी तुझं काम झालं.

आणि कुणाला उपदेश करू नकोस. सोसायटीत, ऑफिसात कुणी विचारलं तर ‘पेरूला फिरून आलो’ एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

काही खुणा मात्र मला किंवा बाबांना लगेच सांगायच्या. सलग दोन रात्री तीन-चार तासच झोप आणि तरी थकवा नाही. बोलणं धो-धो, पैसा पाण्यासारखा. ‘मला निवडलं आहे’ असं वाटणं. कुणी पाळतीवर आहे असं वाटणं, आवाज ऐकू येणं. आजूबाजूचं सगळं दिवसेंदिवस खोटं वाटणं. जगू नये असं वाटणं. यांतलं एक जरी आलं तरी त्याच दिवशी मिरजेत मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं आणि सगळं खरं सांगायचं: किती रात्री, कोणत्या तारखा, आणखी काय घेतलं होतं. त्यांना खरं कळलं नाही तर औषध चुकतं. रात्रीअपरात्री १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावायचा, तो मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. नातेवाइकांत कुणीतरी ‘बाहेरचं काही असेल’ म्हणेल. चहा द्यायचा आणि विषय बदलायचा, ते माझ्याकडे लागलं.

मुंबईला उतरल्यावर लगेच रात्रीची बस धरू नकोस. मावशीकडे एक झोप काढ, सकाळच्या गाडीने मिरजेला ये. बाबा स्टेशनवर असतील.

निघण्याआधी बॅग स्वतः रिकामी करून पुन्हा भर. पेरूने २००८ साली या विद्येला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हटलं, पण ती मान्यता विमानात बसत नाही. आपल्याकडे डीएमटी १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. बाटली, भुकटी, पानं, कुणी प्रेमाने बांधून दिलेली पुरचुंडी, काहीही आणायचं नाही. बाजूचे कप्पे आणि बुटांची पिशवीही बघ.

तुझी,
आई