बिटकीच्या आंब्यापाशी

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

छोट्या फळांच्या आपल्या बिटकी आंब्यापाशी, जुन्या लाकडातून, उंच खांबांवर जे घर बांधते आहे त्याविषयी फोनवर धड बोलणं होत नाही. आईला कोणी पडेल याची भीती, बाबांना झाडाची काळजी, आणि मध्येच रेंज जाते. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. दादा मोठ्याने वाचून दाखवेल. बाबा, शेवटी एक गोष्ट विचारली आहे. तिचा निकाल तुम्हीच द्यायचा. तोवर सुतारकाका त्या लाकडाला करवत लावणार नाहीत, मी त्यांना तसं सांगून ठेवलं आहे.

आधी लाकडाचं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात माजघराचं छप्पर आणि मागची पडवी गेली. पुढचं घर आपण डागडुजी करून उभं केलं. मागचं सगळं सामान तुम्ही गोठ्यात रचून वर पत्रे टाकलेत आणि डोंबिवलीला दादाकडे गेलात. भंगारवाला ते वजनावर मागत होता तेव्हा आई "राहू दे" एवढंच म्हणाली. ते राहिलं म्हणून आज हे होतंय. पण गोठ्यात ठेवलेलं लाकूड कायमचं टिकत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर खालच्या थराला वाळवी लागलेली दिसली, आणि मला ते बघवेना. माजघर पुन्हा जसंच्या तसं उभं करावं एवढं चांगलं लाकूड उरलेलं नाही, आणि नवीन ऐन-किंजळाचं लाकूड घेण्याएवढे पैसेही नाहीत. जे उरलंय त्यात एक खोली आणि छोटा सोपा, म्हणजे ओसरी, होते.

ढीग उपसताना आम्ही हातमोजे घालून, आधी काठीने खडखडाट करून एकेक लाकूड काढलं. अशा ढिगात फुरसं, तो छोटा विषारी साप, हमखास असतं, हे आईने लहानपणी इतक्या वेळा बजावलंय की ते वेगळं आठवावं लागत नाही. मग सुतारकाकांनी प्रत्येक वाशावर हातोडी ठोकून आवाज ऐकला. खणखणीत वाजला तो एका बाजूला, बद्द वाजला तो दुसऱ्या बाजूला. बद्द आवाजाच्या लाकडात चाकूचं टोक सहज रुतायचं. तेवढं जळणाला गेलं. उरलेल्यातून खिळे काढायचं काम मात्र फार मोठं. वरून दिसणारा खिळा निघतो, पण आत तुटून राहिलेला दिसत नाही आणि करवतीचं पातं खातो. म्हणून कापायच्या जागेवरून आधी लोहचुंबक फिरवतो. साफ झालेल्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल दोन हात दिलं. त्याने हात काळे होतात आणि कातडी भाजते, पण वाळवी त्याच्या वाटेला जात नाही.

जुन्या लाकडाचं घर बांधताना आधी नकाशा काढून चालत नाही, हे मला या कामात उमगलं. नवीन लाकूड असेल तर आपण माप सांगतो आणि वखारवाला कापून देतो. इथे लाकूडच माप सांगतं. चांगले वासे निघाले ते बहुतेक सहा फुटांच्या आतबाहेर, म्हणून खोलीची रुंदी आठ फूट आली, त्याहून जास्त घेतली तर छपराला उतारच मिळत नाही. पडवीच्या खिडक्या दोनच धड निघाल्या, म्हणून दोनच खिडक्या. माजघराची दार-चौकट मात्र अखंड आहे, फणसाची, कडी-कोयंड्यासकट. तिच्या उंचीवरून भिंतीची उंची ठरली. वास्तुरचनाकार लॉरी बेकर केरळात असंच करायचे, पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या आणून नव्या घरात बसवायचे. गांधीजी त्यांना म्हणाले होते की खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून व्हावं. आपलं तर बहुतेक सगळं गोठ्यापासून आंब्यापर्यंतच्या अंतरात आहे.

आता आंबा. बाबा, तुम्ही म्हणालात, "बिटकीला खिळा मारायचा नाही." मारलेला नाही आणि मारणारही नाही. परदेशात आता झाडावरची घरं बांधणारे एकच जाड बोल्ट खोडात बसवतात, कारण एक मोठी जखम झाड झाकून घेतं पण दहा खिळ्यांच्या जखमा एकमेकींना मिळाल्या की तेवढा भाग कुजतो. त्यांच्याकडच्या झाडांना ते चालत असेल. आपल्या आंब्याला जखम म्हणजे भिरुडाला आमंत्रण. अळी एकदा आत शिरून पोखरायला लागली की बाहेर फक्त भुसा दिसतो, आणि तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दोराने घट्ट आवळून बांधणं तर त्याहून वाईट. साल आणि लाकूड यांच्यामधल्या पातळ थरातूनच झाड जाड होत जातं, आणि पानांनी बनवलेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे येतं. दोर तिथे आवळला की त्याखालचा भाग उपाशी राहतो. म्हणून आपलं घर झाडाला टेकतसुद्धा नाही. ते स्वतःच्या खांबांवर उभं राहील, बुंधा कठड्याच्या बाहेर हातभर अंतरावर असेल. वारा सुटला की झाड हवं तसं डुलेल.

आईने विचारलं होतं की झाड वाढलं की घर वर वर जाईल का. आई, टेकवलेलं असतं तरी गेलं नसतं. झाड उंच होतं ते फक्त शेंड्यांना. खोडावर चार फुटांवर खूण केली तर पन्नास वर्षांनीही ती चार फुटांवरच सापडेल, फक्त खोड जाड झालेलं असेल. म्हणून अंतर ठेवायचं ते आडवं.

खांबांचे खड्डे हाताने खणले. आडवी जाड मुळी लागली की खड्डा बाजूला सरकवायचा, मुळी तोडायची नाही, हा नियम ठेवला. त्यामुळे चार खांबांचा चौकोन थोडा तिरका झाला आहे आणि मला तो तसाच आवडतो. खड्ड्यात आपल्याच पडलेल्या भिंतीचे चिरे भरून वर दीड फूट जोतं आणलं, आणि खांब त्या चिऱ्यांवर लोखंडी पट्ट्यांत बसणार. मातीत लाकूड पुरलं की ते दरवर्षी साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या तोंडी देण्यासारखं आहे. जमिनीपासून तक्तपोशी, म्हणजे खोलीची फळ्यांची जमीन, नऊ फुटांवर येते. खाली मोकळी सावली राहील, तिथे पावसाआधी आमसुलं आणि जळण ठेवता येईल.

छपरावर कौलं घालत नाही. हे वाचून बाबांना वाईट वाटेल, मलाही वाटलं. ती मंगळुरी कौलं आजोबांनी आणली होती. बाझल मिशन या मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यापासून किनाऱ्यावरच्या घरांना या कौलांनीच रूप दिलं. पण एक कौल अडीच किलोंच्या आसपास, चौरस मीटरला पंधरा लागतात. एवढ्याशा छपरावरही चारशे किलोंच्या वर वजन जातं, तेही ओलं नसताना, आणि ते सगळं नऊ फुटांच्या पायांवर. वर वानरं. आंब्यावरून उडी मारून ती थेट छपरावर येणार आणि कौलं फोडणार. आणखी एक कारण आहे. वादळात वारा छप्पर वरून दाबत नाही, तो पागोळीखालून शिरून उचलतो. आपलं माजघर कौलांच्या वजनावर जागेवर होतं, वासे भिंतीला कशानेच बांधलेले नव्हते. कौलं उडायला लागल्यावर खालचं लाकूड धरून ठेवायला काहीच उरलं नाही. या वेळी प्रत्येक वासा खालच्या आडव्या लाकडाला बोल्टने, ते लाकूड खांबाला, आणि खांबांना तिरपे आधार. वर वादळानंतर उरलेले नालीदार पत्रे. त्यांची जुनी भोकं एकमेकांखाली दडतील असे चढवायचे आणि नवे हूक उंच नालीवरच घ्यायचे, खोल नालीत कधीही नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. ऊन आणि पावसाचा ताशा कमी व्हावा म्हणून पत्र्यावर नारळाची झापं आणि आतून आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्यांचा माळा. त्या फळ्यांवर अजून शाईचे शिक्के आहेत. मी ते घासून काढलेले नाहीत. कौलं वाया जाणार नाहीत, जिन्याच्या सुरुवातीला चार खांबांवर त्यांची छोटी छपरी होईल, जमिनीला लागून, वजनाची चिंता नाही.

कठड्याची कहाणी दादाने सांगितलीच असेल. मुंबईत पाडलेल्या चाळींचं लाकूड विकणाऱ्याकडून त्याने बर्मा टीकचा कठडा आणला, कातीव खांबांचा. पाच मैलांची अट तेवढी मोडली. बाबा, तो तुमच्या गिरगावच्या चाळीचा आहे असं मी म्हणत नाही, पण तुम्ही ज्या गॅलरीत उभे राहून पावसाळ्यात आईची पत्रं वाचायचात तिचा कठडा याच घाटाचा होता असं तुम्ही सांगितलेलं मला आठवतं. त्या कठड्याच्या आतून हर्णै बंदरावरून आणलेलं मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधणार आहे. दादाची पोरं आली की कुठूनही निसटायला नको.

लोक विचारतात की जमिनीवर का नाही. जमिनीवर ऐंशी चौरस फूट म्हणजे खोपटं, आणि आपल्या उताराला पावसात ओलावा भिंतीतून चढतो. वर तेच लाकूड सुकं राहतं आणि खिडकीतून खाडीपर्यंत नजर जाते. केरळात आदिवासी शेतकरी हत्तींपासून पिकं राखायला झाडावर घर बांधतात, त्याला एरुमाडम म्हणतात. आपल्याकडे तुम्हीच नाचणीच्या राखणीला मचाणावर रात्री काढल्यात, रानडुकरांसाठी पत्र्याचा डबा वाजवत. मग हे आपल्याला नवीन कुठे आहे? फक्त वळवाच्या दिवसांत आकाशात कडाडायला लागलं की वर कोणीही थांबायचं नाही, ताबडतोब खाली घरात यायचं. दिव्याला सौर कंदील, तार ओढायची नाही.

आणि एकही झाड तोडलेलं नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही सगळी १९६४ च्या झाडतोड कायद्यातली झाडं, त्यांच्यासाठी परवानगी लागतेच. पण ती मिळत असती तरी मी उभं झाड पाडलं नसतं. गोठ्यात घर पडून असताना दुसरं कशाला पाडायचं?

आता निकालाची गोष्ट. माजघराचं सागवानी आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, चौदा फुटांचं आहे. खोली दहा फुटांची, पुढे सोपा चार फुटांचा, म्हणजे ते अखंड बसतं. अडचण एवढीच की बिटकीची जाड फांदी सोप्यावरून जाते आणि आढं पूर्ण ठेवलं तर दोघांत वीतभरच अंतर राहतं. सुतारकाकांना वाऱ्यासाठी किमान दीड फूट हवं. त्यांचं म्हणणं, आढं चार फूट कापा, सोप्याला वेगळं छोटं छप्पर द्या. माझं म्हणणं, आढं ठेवा आणि खालचे चारही खांब फूटभर कापा. त्या किंजळी खांबांचे बुडखे पडवीत वर्षानुवर्षं ओल्या जमिनीला टेकून होते, खालची वीत मऊ झालीच आहे. घर नऊऐवजी आठ फुटांवर येईल आणि फांदीला जागा मिळेल. शिवाय जिन्याच्या दोन पायऱ्या कमी होतील. जिना म्हणजे शिडी नाही, आई. सहा इंचांची पायरी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, आणि मध्ये बसून दम खायला एक रुंद टप्पा. तुझ्या गुडघ्यांचा विचार करूनच काढला आहे.

पण ते आढं ज्यांनी चढवलेलं तुम्ही पाहिलंय, त्यांच्या वतीने तुम्हीच सांगा, बाबा. आढं की खांब? रविवारी सुतारकाका येतील, त्याआधी फोन करा. मृगाआधी छप्पर पुरं व्हायला हवं.

तुम्ही दोघं मेच्या पहिल्या आठवड्यात या. यंदा बिटकीला मोहोर चांगला धरलाय, कोयाड्यापुरत्या बिटक्या नक्की मिळतील. येताना माजघराच्या कुलपाची किल्ली आणा, ती आईच्या लोखंडी पेटीत आहे, आणि बाबांची रक्तदाबाची गोळी महिनाभराची घ्या, इथे दापोलीला नेमकी तीच कंपनी मिळत नाही. दादाला सांगा, गाडी घाटातून सावकाश आणायची.

तुमची,
बयो