पक्षाघाताच्या रुग्णाचे तास वाया जाऊ नयेत

महोदय,

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यास ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावे लागते, आणि त्याआधी रक्तस्राव नसल्याची सीटी स्कॅनने खात्री करावी लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर निवडक रुग्णांत नळीद्वारे गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत वाढली. मात्र पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून घाट ओलांडून नाशिक गाठणाऱ्याला याचा लाभ कितपत मिळतो? माझ्या वडिलांचे तोंड पहाटे वाकडे झाले, तेव्हा ‘अंगावरून वारे गेले’ म्हणत आम्ही दुपारपर्यंत तेल चोळत राहिलो. त्यांचा उजवा हात कायमचा गेला. तोंड वाकडे होताच, हात लुळा पडताच किंवा बोलणे अडखळताच १०८ ला फोन करावा, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे आणि तालुक्याला रात्रंदिवस सीटी स्कॅनची सोय करावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक