घाटावर जाताना बॅग आपल्या उकाड्याची नको, तिथल्या उन्हाची भरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात फिरायला जाताना बॅगेत काय काय घ्यावं त्याची यादी वाचली. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, पाण्याची बाटली, सगळं बरोबरच आहे, पण ती यादी मुंबईला जाणाऱ्यालाही तीच आणि नागपूरला जाणाऱ्यालाही तीच, आणि आम्हा कोकणातल्या लोकांची फसगत नेमकी तिथंच होते म्हणून हे पत्र लिहितेय.

मागच्या मे महिन्यात माझ्या नणंदेकडे नागपूरला लग्न होतं. आम्ही गुहागरहून निघालो, सासूबाई, मी, हे आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा. बॅगा मी आपल्या इथल्या हिशोबाने भरल्या, म्हणजे मुलाला दिवसाला दोन बनियन, बिनबाह्यांचे टीशर्ट, हाफ पँटी, घामोळ्याची पावडर, आणि वर दोन डझन हापूसची पेटी. आंबे नेले पण पाण्याची धड मोठी बाटली नेली नाही हो! पहिल्या दिवशी मी नणंदेला म्हटलंसुद्धा, तुमच्याकडे बरंय, चिकचिक नाही, घामच येत नाही. ती म्हणाली, "वहिनी, घाम येतोय, तुम्हाला दिसत नाहीये." तेव्हा ते मी कानाआड केलं. संध्याकाळपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं, ओठ फुटले, आणि रात्री मुलाचा घोळणा फुटला, उशीवर रक्त बघून माझे हातपायच गळाले. मी त्याची मान मागे करायला गेले तर नणंदेने हात धरला, त्याला पुढे वाकवून बसवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं सलग धरून ठेवला, मध्ये सोडून बघितलं नाही, आणि थांबलं. मान मागे केली की रक्त घशात जातं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

गोष्ट साधी आहे. आपल्याकडे हवेतच एवढं पाणी असतं की घाम वाळत नाही, सदरा पाठीला चिकटतो आणि शरीर आपलं आपण सांगतं की बाबा पाणी पी. तिकडे हवा कोरडी, घाम आला कधी वाळला कधी कळत नाही, पाणी मात्र अंगातून तेवढंच जातं. त्यामुळे तिथं तहानेची वाट बघायचीच नाही, लघवी गडद पिवळी झाली की समजायचं उशीर झाला. हवामान खातंसुद्धा उष्णतेची लाट मोजताना सगळीकडे एकच आकडा लावत नाही, मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 आणि किनाऱ्यावर 37, शिवाय ते नेहमीपेक्षा 4.5 अंशांनी तरी जास्त असावं लागतं.

आता बॅगेचं. कोरड्या गावाला जाताना बिनबाह्यांचे कपडे घरीच ठेवा, पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे घ्या, अंग जेवढं झाकलेलं तेवढं बरं. नागपूरच्या पोरी डोक्या-तोंडाला ओढणी गुंडाळून गाडी चालवतात ती फॅशन नाही. कपडे कमी नेले तरी चालतात, रात्री धुतलेला कुर्ता तासाभरात खडखडीत वाळतो. मुंबईला जायचं असेल तर बरोबर उलटं, तिथं आपल्यासारखंच, कपडे वाळत नाहीत आणि दिवसातून दोनदा बदलावे लागतात, तेव्हा जोड जास्त घ्या. एक पंचा मात्र घ्याच. ओला करून मानेवर टाकला की कोरड्या हवेत जो गारवा मिळतो तो आपल्याकडे मिळत नाही, म्हणून तर तिकडे कूलर चालतात आणि आपल्याकडे नुसती दमट हवा फेकतात. नाकाला आणि ओठांना लावायला साजूक तूप नाहीतर व्हॅसलीन, छोटी डबी.

पिण्यासाठी मी आता आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली नेत नाही, ती गळते आणि बॅगेतले सगळे कपडे लाल होतात. त्यापेक्षा आमसुलं न्यावीत. चांगली सुकलेली, मऊ, मीठ सुटलेली आमसुलं स्टीलच्या डब्यात, सोबत गुळाचा खडा आणि जिऱ्याची पूड. पाच-सहा आमसुलं पेलाभर पाण्यात अर्धा तास भिजवली की पाण्याला आधी कडेने गुलाबी रंग सुटतो मग पेला लालभडक होतो, हाताने कुस्करून गूळ-मीठ घातलं की झालं सरबत, आणि मुलं मागून पितात. फक्त तांब्याच्या बाटलीत भरू नका, आंबट पदार्थात तांबं उतरतं. ओआरएसची चार पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, मोठं पाकीट असेल तर पूर्ण 1 लिटरमध्ये कालवा, अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकणारे मी पाहिलेत. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्याला सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तयार गोड पेयांवर ओआरएस लिहिलेलं असायचं, त्याला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी घातली, तरी घेताना पाकीट वाचा. डायबेटीस किंवा बीपी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सासूबाईंचं इन्सुलिन मी बर्फाला चिकटवून नेणार होते, औषधाच्या दुकानातल्या दादांनी वेळेवर सांगितलं की गोठलं की ते वाया गेलं. रुमालात गुंडाळून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, बर्फापासून लांब. आणि बंद गाडीत तर औषध, मोबाईल, पॉवर बँक काहीच ठेवू नका.

कोणी बरळायला लागलं, अंग तापलेलं आणि शुद्ध हरपतेय असं वाटलं तर सरबत पाजत बसू नका, सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. खारघरला एप्रिल 2023 मध्ये भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर माणसं गेली, ते तर आपल्याच कोकणातल्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे दमट हवाही काही कमी नाही.

माझी एकच विनंती, तुम्ही रोज पानावर शहरांच्या तापमानाची चौकट देता त्यात प्रत्येक शहरासमोर आर्द्रतासुद्धा द्या, रत्नागिरीची आणि नागपूरची शेजारी शेजारी. यंदा नणंदेच्या धाकट्याची मुंज आहे, आम्ही पुन्हा निघतोय, आमसुलांचा डबा आणि पंचे कालच बॅगेत गेलेत, पेटीही आहे पण ती शेवटी.

आपली,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी